अळीला आई नसते

दस्तगीर, तुला "उद्या सांगतो" म्हणून मी घरी गेलो होतो. वादात माझी बाजू लंगडी पडली की मी अशी वेळ मागून घेतो, हे तुला चांगलंच ठाऊक होतं. म्हणून तर तू बांधावर उभा राहून दात काढत होतास. "जा जा, लय घाई न्हाई, मुनिमहाराजांना इचारून ये," असं पाठीमागून ओरडलासही. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्लामपुरातून फोन आला, की गादीला टाके घालता घालता तू दुकानात बसल्या जागी कलंडलास. मी गाडी काढून पोचेपर्यंत तू गेला होतास. तेव्हापासून ते उत्तर माझ्याकडंच राहिलंय.

मातीला सगळं गाव लोटलं होतं. मीही खांदा दिला, मुठीनं माती टाकली. लोक म्हणत होते, किती हसतमुख माणूस, किती मऊ स्वभावाचा. मी ऐकून घेतलं. मऊ तुझ्या गाद्या होत्या रे. तू खवचट होतास, हट्टी होतास, आणि कुठलीही गोष्ट सांगताना निम्मी पदरची घालायचास. त्या दिवशी मला रडू आलं नाही. ते पुढं विहिरीवर आलं. मोटार चालू करायला पेटीपाशी गेलो आणि दार उघडण्याआधी माझं बोट आपोआप पत्र्यावर टकटकलं. तोंडातून शब्दही तुझेच निघाले, "मालकीन, जरा बाजूला व्हा." मग मात्र मी तिथंच पाइपावर बसून घेतलं आणि पोटभर रडलो.

ज्यांना आपली पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तू मधे बोलू नकोस.

विहीर तुझ्या आणि माझ्या वडिलांनी मिळून पाडलेली, बरोबर दोघांच्या बांधावर. अलीकडं तुझं रान, पलीकडं माझं. मोटार एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि खांबाला टांगलेली पत्र्याची स्टार्टर पेटीही एकच. तिच्या दाराचा खालचा कोपरा गंजून पडला होता. त्या भोकातून एका उन्हाळ्यात चिरकाची मादी आत शिरली आणि फ्यूजच्या खाली जी मोकळी जागा होती तिथं तिनं गवताच्या काड्या आणून टाकायला सुरुवात केली. चिरक म्हणजे चिमणीएवढा पक्षी. नर काळाकुळकुळीत, शेपटी कायम वर उचललेली, बुडाशी तांबूस, आणि पंखाजवळ एक पांढरी फीत. चिरक हे नाव मला पुढं कुणीतरी सांगितलं. तू त्या फितीवरून पहिल्याच दिवशी त्याचं नाव हवालदार ठेवलंस, आणि मादी साधी तपकिरी असूनही तिला थेट मालकीण केलंस.

घरटं ती एकटीच बांधते. नर तारेवर बसून गातो. ते बघून तू म्हणाला होतास, "बाई राबतीया आनि गडी गानी म्हनतोय. आमच्या घरचीच रीत हाय की ही." काड्या झाल्या, मुळ्या झाल्या, शेळीचे केस झाले, आणि मग एके दिवशी आत कापूस दिसला. तुझ्या सदऱ्याला, केसांना, गाडीच्या सीटला कायम चिकटलेला तो पिंजलेला कापूस वेचून तिनं अंड्यांखाली अंथरला होता. त्यानंतर महिनाभर तू गावात सांगत फिरलास, की इस्लामपुरातली गिऱ्हाईकं घासाघीस करतात, पण ह्या बाईनं माल बघताक्षणी पसंत केला.

पण त्याच घरट्यात तिनं सापाची कातही आणून घातली होती. ती बघितल्यावर तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माळावर एकटा झोपणारा तू, नुसत्या कातीला भ्यालास आणि फ्यूज बसवायचं काम बरेच दिवस माझ्या गळ्यात घातलंस. वर मलाच ऐकवायचास, "तुमचा धरम हाय रं सगळ्यावर दया करायचा. तू हात घाल."

पिलं निघाली की मात्र हवालदाराचं गाणं बंद होई. मग दोघंही उन्हातान्हात खेपा घालत. एक आत शिरला की दुसरा तारेवर चोचीत किडा धरून ताटकळत थांबलेला. मादी बाहेर पडताना पिलांची घाण पांढऱ्या गोळीसारखी चोचीत उचलून लांब नेऊन टाकायची, म्हणजे वासानं कुणी घरट्यापाशी येऊ नये. ते तू पहिल्यांदा बघितलंस. मग म्हणालास, की रुबीना तान्ही असताना शहनाजवहिनी बरेच दिवस आजारी होत्या, तेव्हा तू पोरीला दुकानात कापसाच्या ढिगावर निजवून काम करायचास, आणि तिची दुपटी दुकानामागच्या नळावर धुवायचास. इतक्या वर्षांत हे तू मला कधी बोलला नव्हतास. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "लाईट गेली बघ." आपलं दोघांचं असंच चालायचं.

आणि तो ऑटोचा घोळ! पिलं असताना पेटी सारखी उघडायला नको म्हणून तू ऑटो बसवलास. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू. पेटीला हात लावायची गरज नाही. अक्कल चांगली होती, पण पाणी कुठल्या रानात जायचं त्याचा कॉक फिरवायला माणूस लागतो, हे दोघंही विसरलो. मी समजलो तुझी पाळी, तू समजलास माझी. पाणी ओढ्याकडच्या उघड्या कॉकातून गेलं आणि शेजाऱ्याच्या पडीक रानात गुडघाभर तळं साचलं. सकाळी तो मिशीत हसत आला, "लय उपकार झालं बगा. पुन्यांदा कवा सोडताय?" त्याला काय सांगणार, की पाखराच्या पिलांची झोपमोड नको म्हणून त्याचं रान भिजवलं? तू मात्र सांगितलंस. वर त्याच्याकडून चहाही घेतलास.

तुझ्या गाडीच्या आरशांचंही तसंच. हवालदाराला आरशात दुसरा हवालदार दिसायचा आणि तो पिलं उपाशी ठेवून त्याच्याशी भांडत बसायचा. चोच आपटून आपटून काच पांढरी केली त्यानं. मग वहिनींनी गादीच्या खोळीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाच्या दोन छोट्या पिशव्या शिवून दिल्या, नाडीसकट. उन्हाळा आला की तुझी गाडी ती टोपडी घालून विहिरीवर उभी असायची. येणारा जाणारा हसायचा. तुला त्याचं काही नव्हतं.

वाद मात्र आपण सोडले नाहीत. तुझा आवडता विषय म्हणजे माझी अहिंसा. दिवस मावळल्यावर मी जेवत नाही, पाणी गाळून पितो, पण उसावर कीड पडली की औषध मारतो, तेही स्वतः नाही, गडी लावून. "पाप पन मजुरीनं करून घेतोस व्हय रं?" असं तू चारचौघांत विचारायचास. मी चिडायचो, कारण ते खरं होतं. पंप मी कधी पाठीवर घेतला नाही. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. आमच्या घरात तसं चालत आलंय, एवढंच.

यंदा पिलं निघाली आणि तू ते शेवटचं भांडण काढलंस. तुझ्या वांग्याच्या सरीतून मालकीण एक लठ्ठ अळी घेऊन आली. मी सहज म्हणालो, "वा!"

"वा काय? जीव हाय तो."

"पिलांसाठी नेती ती. आई हाय."

"आनि त्या अळीला न्हाई व्हय आई?"

इथं मी शहाणपणा पाजळायला गेलो. "अळीला आई नसती. फुलपाखरू पानावर अंडी घालतं आनि उडून जातं. परत फिरून बगत पन न्हाई. जन्मल्यापास्नं अळी एकटीच."

तू हसत हसतच विचारलंस, "म्हंजे ज्याला आई न्हाई, त्याला मारायला चालतं व्हय रं?"

तुला हसू येत होतं. मला आलं नाही. तू रांगत होतास तेव्हा तुझी आई गेली, हे मला माहीत होतं. आमच्या आईनं तुला आमच्या चुलीपुढं भाकरी वाढलेली मी बघितली आहे, आणि माझ्याआधी तुला दूध दिलं म्हणून मी रुसलेलोही आहे. तू तसल्या अर्थानं विचारलं होतंस का, की नुसतं मला कोंडीत पकडायला, ते मला कळलं नाही. आता कळायचंही नाही. मी "उद्या सांगतो" म्हणालो आणि घरी गेलो.

तू गेल्यावर तुझ्या वांग्यांचं मी बघतो, असं मी तुझ्या दारात बसून शब्द दिला होता. तू लावलेलं शेवटचं पीक ते. फळ नुकतं धरायला लागलं होतं. पहिल्याच पाण्याला गेलो तर शेंडे माना टाकायला लागलेले. एक मोडून बघितला तर आत अळी. ती शेंडा पोखरते आणि मग वांग्यात शिरते. औषध मारायला हवं होतं, तेही लगेच. तुझा पंप खोपीत टांगलेला होता, औषधही तू आणून ठेवलं होतंस. पण पेटीतल्या पिलांचं पोट त्याच सरींवर चाललं होतं. औषध मारलं तर तीच विषारी अळी मालकीण पिलांच्या तोंडात घालणार. न मारावं तर पीक जाणार. माझं असतं तर जाऊ दिलं असतं. पण ते तुझं होतं, म्हणजे आता वहिनींचं होतं, आणि दुसऱ्याच्या पिकावर मी दया दाखवायची, हे मला पटेना.

तुला विचारता आलं असतं तर! तू नक्की आधी म्हणाला असतास, "मार की औषध, गडी लाव एक," आणि माझा चेहरा बघून मग काहीतरी वेगळंच केलं असतंस.

मी वहिनींना विचारायला गेलो. त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिन्यांवर काही दिवस होईपर्यंत घराबाहेर यायचं नाही, परक्या पुरुषापुढं यायचं नाही. तीस-पस्तीस वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यालो त्यांच्यापुढं मी परका, ह्याचं जरा वाटलं. पण रीत ती रीत. रुबीना माहेरी आलीय. तिनं मला सोप्यात बसवलं आणि आतल्या खोलीच्या पडद्यापाशी उभी राहिली. मी सगळं सांगितलं, पडद्याकडं न बघता. आत कुजबुज झाली. मग रुबीना म्हणाली, "काका, अम्मी इचारतीया, अब्बांनी काय केलं असतं?"

"आधी मला चिडवलं असतं," मी म्हणालो. "मग म्हनला असता, थांब गड्या, पिलं जाऊ देत."

पडद्यामागं वहिनी हसल्या. अगदी थोडं, पण हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच, असं रुबीनाच्या चेहऱ्यावरून कळलं. मग त्या स्वतःच बोलल्या, "भूपालअण्णा, वांगी गेली तर जाऊ द्यात. पन पिलं उडाली की मला सांगायला या." मी उठलो तर रुबीनानं माझ्या हातात त्या दोन पट्ट्यापट्ट्याच्या पिशव्या ठेवल्या. "अम्मीनं दिल्यात. तुमच्या गाडीला घाला, म्हनली."

वांगी मी जाऊ दिली नाहीत, दस्तगीर. म्हणजे सगळी नाही. औषधाशिवाय एकच मार्ग होता, सुकलेला प्रत्येक शेंडा हातानं खुडायचा आणि अळी नष्ट करायची. ते कामही गड्याला सांगता आलं असतं. तसं मनात आलंही. पण मग तू बांधावर उभा असल्यासारखा वाटलास, तसाच दात काढत. मी टोपी घट्ट केली आणि स्वतःच सरीत उतरलो.

पहिल्या दिवशी खुडलेले शेंडे पोत्यात भरले. आता ते जाळायचे की पुरायचे, ह्या विचारात मी बांधावर बसलो होतो, तर मालकीण समोर येऊन बसली. शेपटी वर, मान तिरकी. मी गाडीला घातलेली तुझी टोपडी तिला ओळखीची, मी ओळखीचा. मी एक शेंडा नखानं उभा चिरला आणि दगडावर ठेवून मागं सरकलो. आत गुलाबीसर अळी वळवळत होती. मालकीण आली, अळी उचलली, दगडावर दोनदा आपटली आणि थेट पेटीत शिरली. आतून पिलांचा चिरचिराट ऐकू आला.

मग मी रोज तेच करू लागलो. सकाळी शेंडे खुडायचे, बांधावर बसून चिरायचे आणि दगडावर मांडायचे. हवालदारही यायला लागला. पहिले काही दिवस मी चिरताना तोंडानं णमोकार म्हणत होतो. पुढं तेही थांबलं, कारण कुणासाठी म्हणतोय ते मलाच उलगडेना. अळीला दुखत असेल का, हा विचार रोज यायचा. रोज हात तेवढाच अडायचा आणि रोज मी तो पुढं रेटायचो. घरी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, आंघोळ करून मग जेवायला बसा.

उडायच्या दिवशी आईबाप वेगळेच वागायला लागले. चोचीत किडा धरून दोघं समोरच्या निंबावर बसले आणि तिथूनच बोलवत राहिले. आत घास न्यायचं नावच काढेनात. मला वाटलं काही बिनसलं. मग भोकातून एक ठिपक्याठिपक्यांचं तोंड बाहेर आलं, पुन्हा आत गेलं, पुन्हा आलं, आणि पिलू भदकन खाली मातीत पडल्यासारखं उडालं. तिथून उडी मारून माझ्या गाडीच्या सीटवर. त्याच्या शेजारीच आरसा होता, टोपडं घातलेला. पाठोपाठ दुसरं. कुंपणावर भारद्वाज येऊन बसला होता, त्याला मी टॉवेल फिरवून हाकललं, आणि हवालदारानंही त्याच्या डोक्यावर झेप घेतली. शेवटचं पिलू दुपारपर्यंत निघेना. मालकीण निंबावरून ओरडत राहिली. मी जेवायला गेलो नाही. अखेर तेही निघालं, उडालं, आणि सगळी तुझ्या वांग्यांच्या सरीत जाऊन लपली.

पेटी उघडून बघितली. आत घरटं दबून चपटं झालं होतं. कापूस काळा पडला होता. पण तुझाच होता.

तसाच उठून वहिनींकडं गेलो. सोप्यात बसलो. पडद्यामागून प्रश्न आला, "उडाली?"

"उडाली."

"सगळी?"

"सगळी, वहिनी."

रुबीना दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. मग वहिनी म्हणाल्या, "ह्यांना सांगा."

कुठं सांगायचं ते मी विचारलं नाही. कबरीवर जाऊन बोलायची मला सवय नाही, आणि तिथं तुझे शेजारी फार. विहिरीवर बोललो तर शेजारी म्हणेल, भूपालअण्णाला उन्ह लागलं. म्हणून हे लिहितोय.

तुला काही सांगायचं राहून गेलंय असं नाही, कारण आपण कधीच काही सांगितलं नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात तू तिच्यासाठी नवी मऊ गादी करून आणलीस आणि पैशाचं नाव काढल्यावर मला शिव्या दिल्यास. तेव्हा मी आभार मानले नव्हते. आता मानतो. तू माझा मित्र होतास, दस्तगीर, आणि मला तुझ्याविना विहिरीवर जायला आवडत नाही. पाळी माझी असो की तुझी, दोन्ही रानांना पाणी मीच पाजतो, आणि कॉक फिरवायला विसरत नाही. दोन वेळा विसरलो. शेजारी खूश आहे.

आता तुझा प्रश्न. उशीर झाला, पण उद्या म्हणालो होतो ते मी पाळतोय. मुनिमहाराजांना विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही.

ज्याला आई नाही, त्याला मारायला चालत नाही, गड्या. कुणालाच मारायला चालत नाही. तरी मी मारलं, रोज मारलं, माझ्या हातानं मारलं, मजुरीनं करून घेतलं नाही. आणि पिलं उडाली.

माझं हे एवढंच. आता तू बोल.